पिठाच्या वेळापत्रकावर शाळा: मुलांसोबत पावाचा दिवस कसा लावावा

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आमच्या ओळखीच्या बहुतेक ख्रिस्ती घरांतून एकच तक्रार येते. "स्वयंपाकातून गणित-विज्ञान शिकवायचं म्हणून पाव करायला घेतला. दुपारी दोनपर्यंत पाव दगडासारखा, ओटा पिठाने माखलेला, धाकटं रडतंय, मोठ्याचं वहीचं पान कोरं, आणि मी सगळ्यांवर ओरडून बसले." विचारायला गेलं की चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडते. स्वयंपाक चालू असताना त्याच्यावर धडा लादलेला असतो. मळतानाच अपूर्णांक विचारायचे, भाजतानाच बायबलमधला खमिराचा (पीठ फुगवणाऱ्या आंबवणाचा) दाखला सांगायचा.

पावाला स्वतःचं वेळापत्रक असतं. त्यात हात गुंतण्याचा वेळ जेमतेम तासभर. बाकीचे अडीच-तीन तास नुसती वाट बघायची असते, आणि शाळा त्या वाट बघण्यात बसवायची. खाली दिलेला क्रम आमच्या घरात पाच, आठ आणि बारा वर्षांच्या तीन मुलांबरोबर चालतो. एकच मूल असेल तर काम निम्मं होईल, पण क्रम बदलू नका.

## टप्पा १: वार ठरवा आणि आदल्या संध्याकाळी तयारी करा

आमचा वार बुधवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवायचं झालं तर ते बहुधा गुरुवारी असतं, म्हणून ओव्हनचा दिवस गुरुवारी ठेवायचा नाही. सुरुवातीला आम्ही शनिवार धरला होता. पण शनिवारी आठवड्याचा बाजार, रविवारच्या उपासनेचे कपडे, संडे स्कूलची तयारी हे सगळं एकदम येतं. तुमच्या गावात लाइट कधी जाते ते बघून वार धरा आणि मग किमान सहा आठवडे तो हलवू नका.

आदल्या संध्याकाळी पाच कामं:

१. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं कालवण किंवा उसळ करून फ्रिजमध्ये ठेवा. पावाच्या भरवशावर दुपारचं जेवण ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाव तासभर उशिरा फुगला की भुकेली मुलं आणि घाईतली आई, दोघांचाही तोल जातो.

२. कोरडं सामान वजन करून डब्यांत भरा. एका लादीसाठी, म्हणजे १२ पावांसाठी: मैदा ५०० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, लोणी किंवा बटर ४० ग्रॅम. बटर मिठाचं असेल तर मीठ ८ ग्रॅम. दूध आणि पाणी निम्मं-निम्मं मिळून ३१० मिली सकाळी घ्यायचं. एप्रिल-मेच्या उकाड्यात यीस्ट ४ ग्रॅम पुरतं.

३. भाजायचा डबा बाहेर काढून ओव्हनमध्ये बसतो का ते बघा. नऊ इंची चौकोनी डबा बरोबर होतो. हे हसण्यासारखं वाटेल, पण तयार लादी हातात घेऊन डबा दारात अडकलेला मी पाहिला आहे. माझ्याच घरात.

४. प्रत्येक मुलासाठी एकच धडा ठरवून चिठ्ठीवर लिहा. दोन नकोत.

५. यीस्टचं पाकीट फोडून महिना उलटला असेल तर आजच तपासा. अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर यीस्ट आणि चिमूटभर साखर टाकून दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. नाही आला तर बुधवारचा बेत बदला आणि भाकरी करा. फोडलेलं पाकीट घट्ट डब्यात फ्रीझरमध्ये ठेवलं तर बरेच महिने टिकतं.

तपासा: झोपायच्या आधी ओटा रिकामा हवा. वजनकाट्याचा सेल चालू हवा. कालवण झालेलं हवं. तीनपैकी एक जरी नसेल तरी उद्या पाव करू नका.

## टप्पा २: कामं वयानुसार वाटा आणि मोठ्याने सांगा

सकाळी साडेआठला सगळे ओट्यापाशी. हात कोपरापर्यंत धुवायचे, मुलींचे केस बांधायचे. मग कोण काय करणार ते एकदा मोठ्याने सांगायचं, म्हणजे मधे भांडण होत नाही.

पाच वर्षांच्या मुलाला डब्याला लोणी लावणं, पीठ किती फुगलं हे मोजायच्या ग्लासावरचं रबरबँड सरकवणं आणि घड्याळाची घंटी वाजली की ओरडणं ही तीन कामं पुरतात, आणि त्यांचा त्याला फार अभिमान असतो. आठ वर्षांचं मूल वजन करतं आणि मोजणी लिहितं. बारा वर्षांचा मळतो, गोळे पाडतो आणि हिशेब ठेवतो. ओव्हन आणि गॅस मोठ्या माणसाकडे. आमच्याकडे ओव्हनपासून दोन फरश्या सोडून खडूने रेघ मारलेली असते. ओव्हन तापला की रेघेच्या आत कोणीही नाही, चेंडू गेला तरी नाही.

सावध: कच्चं पीठ चाटू देऊ नका. कच्च्या मैद्यातले जंतू भाजल्यावरच मरतात. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा, नंतर सवय मोडत नाही.

## टप्पा ३: दूध-पाणी कोमट करा, मग मळा

पाव बसण्याचं पहिलं कारण इथे. दूध-पाणी जास्त गरम झालं की यीस्ट मरतं, आणि मेलेलं यीस्ट कशानेही उठत नाही. बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं कोपराने बघतो तसं बघा: लागता कामा नये. थर्मामीटर असेल तर ३८ ते ४० अंश. पंचावन्नच्या पुढे गेलं तर धोका. गरम वाटलं तर गार पाणी ओतून माप बिघडवू नका, पाच मिनिटं थांबा.

परातीत मैदा, साखर, यीस्ट, मीठ कोरडंच एकत्र करा. मधे खळगा करून दूध-पाणी ओता आणि गोळा होईपर्यंत हलवा. आता दहा मिनिटं तसंच झाकून ठेवा. ही दहा मिनिटं बहुतेक जण गाळतात. तेवढ्या वेळात मैदा पाणी पितो आणि पुढची निम्मी मळणी आपोआप होते.

मग बटर घालून मळायचं, दहा-बारा मिनिटं. पहिली चार मिनिटं पीठ हाताला, परातीला, बाह्यांना चिकटतं. या चार मिनिटांत मैद्याचा डबा मुलांच्या नजरेआड ठेवा, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्याही. चिकटतंय म्हणून मूठभर मैदा टाकला की पाव घट्ट झालाच म्हणून समजा. पुरणपोळीची कणीक तिंबताना जसा धीर धरतो तसाच इथे धरायचा. थोडं तेल हाताला चालेल.

एक माणूस थकला की दुसऱ्याने घ्यायचं. आमच्याकडे मोठा मळतो तेव्हा धाकटा वचन पाठ म्हणून दाखवतो. या वेळात तोंडी पाठांतरापलीकडे काहीही घालू नका. हात गुंतलेल्या मुलाला ३/४ आणि २/३ मधलं मोठं कुठलं हे विचारणं म्हणजे सायकल शिकणाऱ्याला पाढे विचारणं.

तपासा: लिंबाएवढा गोळा घेऊन चार बोटांनी हळूहळू ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला तर मळून झालं. फाटला तर आणखी तीन मिनिटं.

## टप्पा ४: पहिलं फुगणं, आणि खरी शाळा

इथे घाई करायची नाही.

मळलेल्या पिठातून दोन चमचे काढून सरळ कडांच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा आणि त्या उंचीवर बाहेरून रबरबँड लावा. बाकीचं पीठ तेल लावलेल्या पातेल्यात, ओल्या फडक्याखाली. ग्लास आणि पातेलं शेजारी शेजारी ठेवायचं. पातेल्यात पीठ किती फुगलं हे डोळ्याला कधीच नीट कळत नाही, ग्लासात मात्र पट्टीने मोजता येतं. चार सेंटीमीटरचे आठ झाले की पहिलं फुगणं संपलं.

शेजारी दुसरा ग्लास ठेवा, यीस्ट न घातलेल्या पिठाचा. दोन चमचे मैदा, थोडं पाणी, बस. मुलांना प्रयोग शिकवायचा असेल तर हा दुसरा ग्लास पहिल्याइतकाच महत्त्वाचा. फरक कशामुळे पडला हे सांगायला तुलना लागते, आणि ते आठ वर्षांच्या मुलीला न सांगताच समजतं.

पुण्यात मे महिन्यात हे पीठ पाऊण तासात दुप्पट होतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी दीड-दोन तास घेतं. म्हणून पाककृतीतल्या "एक तास ठेवा" या शब्दांवर विश्वास ठेवू नका, रबरबँड बघा. थंडीत पातेलं बंद ओव्हनमध्ये ठेवून आत फक्त दिवा लावला तरी पुरतं.

आता या तास-सव्वा तासाची वाटणी:

पहिली दहा मिनिटं कौटुंबिक प्रार्थना आणि एक लहान उतारा. पावाच्या दिवशी मत्तय १३:३३ येणारच, खमिराचा दाखला: एका बाईने तीन मापं पिठात खमीर मिसळलं आणि सगळं पीठ फुगलं, स्वर्गाचं राज्य तसं आहे. एकदाच वाचा आणि सोडून द्या. प्रत्येक पातेल्यातून उपदेश काढायची सवय मलाही होती. थोरल्याने एकदा विचारलं, "इथे खमीर चांगलं आहे, मग परूश्यांच्या खमिरापासून सांभाळा असं येशू का म्हणतो?" (परूशी म्हणजे त्या काळचे कडक धर्मपुढारी.) तेव्हा मी दाखल्याचा अर्थ सांगणं बंद केलं आणि त्याला दोन्ही ठिकाणं शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिली. तो तासभर त्यातच होता.

पुढची चाळीस मिनिटं लेखी काम, प्रत्येकाचं चिठ्ठीवरचं एकच:

मधली दर पंधरा मिनिटांनी ग्लास मोजते आणि आलेखाच्या कागदावर ठिपका देते. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर उंची. मधल्या वेळात तिचं नेहमीचं गणिताचं पान. तिला पिठाजवळ बसवू नका. नाहीतर दर दोन मिनिटांनी फडकं उचलून बघते आणि पीठ गार होतं.

थोरल्याला बेकऱ्यांत चालतो तो हिशेब: मैदा १०० टक्के धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत. द्रव ६२, साखर ५, बटर ८, मीठ १.८, यीस्ट १.४. बेरीज १७८.२, म्हणून सगळ्या पिठाचं वजन ८९१ ग्रॅम. त्याला १२ ने भागलं की एक पाव ७४ ग्रॅमचा. दुसऱ्या आठवड्यात हाच हिशेब उलटा करता येतो. दाखल्यातल्या बाईने तीन मापं पीठ घेतलं. आजच्या मापात ते वीस किलोच्या वर जातं. २२ किलो धरलं तर आपल्या डब्याच्या किती लाद्या? ४४. पाव किती? ५२८. "म्हणजे सबंध मंडळी जेवली असती," असं तो म्हणाला, आणि ते माझ्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा बरं होतं.

धाकट्याचं लेखन सात मिनिटं. ताटात पसरलेल्या रव्यावर बोटाने अक्षर काढायचं. सात मिनिटांनंतर त्याला सोडून द्या, तो सोडवूनच घेतो.

उरलेल्या वेळात मोठ्याने वाचन. गोष्ट कुठलीही.

नेहमीची चूक: हा वेळ मोकळा आहे म्हणून आईने फोन घेऊन बसणं किंवा कपड्यांचा ढीग काढणं. या तासात तुम्ही शिक्षिका आहात; कपडे दुसऱ्या फुगण्यात.

## टप्पा ५: गोळे पाडा, लादी रचा

पीठ दुप्पट झालं की हलक्या हाताने दाबून हवा काढा. ठोसे मारण्याची गरज नाही, मुलांना मारावेसे वाटले तरी.

गोळे अंदाजाने पाडू नका. परातीला आणि हातांना थोडं पीठ जातंच आणि दोन चमचे ग्लासात गेलेले असतात, म्हणून ७० ग्रॅमचा एक धरा. लहानमोठे गोळे झाले तर लहान करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात. मधली वजन करते, थोरला गोल करतो: कडा खाली ओढून, तळाशी चिमटून, ओट्यावर तळव्याखाली फिरवायचं. वरचं तोंड ताणलेलं आणि गुळगुळीत हवं. धाकट्याला एक गोळा त्याचा स्वतःचा. त्याचं तो नावाचं पहिलं अक्षर करतो, आणि भाजल्यावर ते अक्षर ओळखू येत नाही, तरी तोच पाव आधी संपतो.

लोणी लावलेल्या डब्यात गोळ्यांमध्ये अर्ध्या बोटाचं अंतर ठेवा. फुगून एकमेकांना चिकटले तरच ती लादी होते आणि कडा मऊ राहतात.

## टप्पा ६: दुसरं फुगणं

तीस ते पंचेचाळीस मिनिटं. पुन्हा ओलं फडकं. यात मुलांना डबा खायला द्या, अंगणात सोडा. दोन लेखी तास लागोपाठ लावू नका.

याच टप्प्यावर सर्वांत जास्त पाव बिघडतात, कारण ओव्हन तापवायचं विसरलेलं असतं. वीस मिनिटं झाली की ओटीजी (घरगुती विजेचा छोटा ओव्हन) १९० अंशावर, वरखाली दोन्ही कॉइल चालू करून लावा. खडूची रेघ आता लागू.

तपासा: ओलं बोट गोळ्यावर हलकं दाबा. खळगा पटकन भरून आला तर अजून दहा मिनिटं. हळूहळू अर्धाच भरला तर लगेच ओव्हनमध्ये. मुळीच भरला नाही आणि गोळा बसल्यासारखा वाटला तर वेळ उलटून गेली आहे. तरीही भाजा, चवीला वाईट होत नाही.

## टप्पा ७: भाजणं

ब्रशने वर दूध लावा. डबा मधल्या खणात ठेवून १८ ते २२ मिनिटं. बाराव्या मिनिटाआधी दार उघडू नका. घरगुती ओटीजीची वरची कॉइल जवळ असते, म्हणून वर रंग आला आणि आत वेळ बाकी असेल तर फॉइलचा तुकडा सैल झाका.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात तळाला स्टँड, त्यावर डबा, वर घट्ट झाकण, आधी दहा मिनिटं तापवून मग मंद-मध्यम आचेवर तीस-पस्तीस मिनिटं. वर रंग येत नाही. तव्यावर उलटं करून आणता येतो. यासाठी कुकर वापरणं मला आवडत नाही. तरी वापरायचाच तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढल्याशिवाय नको.

बाहेर काढल्याबरोबर वर बटर फिरवा आणि कोरड्या फडक्याने झाका, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो. पाच मिनिटांनी डब्यातून काढून जाळीवर. डब्यातच ठेवला तर तळ ओला होतो.

आता वीस मिनिटं कोणी तोडायचा नाही. गरम पावाचा आतला भाग तोडला की चिकट गोळा होतो, आणि मग "कच्चा राहिला" म्हणून उगीच डोकं धरायचं. या वीस मिनिटांत मधलीने एक पाव वजन करावा. सत्तर ग्रॅमचा गोळा त्रेसष्टच्या आसपास भरतो. बाकीचं वजन कुठे गेलं? उत्तर सांगू नका. ओव्हनच्या काचेवर आलेलं पाणी तिने आधीच पाहिलेलं असतं.

## टप्पा ८: आवरणं आणि वही

पीठ लागलेली भांडी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्यात मैद्याची खळ होते आणि घासणी फुकट जाते. पिठाचं पाणी मोरीत ओतण्याआधी गाळून घ्या. आवरणं जेवणाआधी संपवायचं. जेवणानंतर कोणी उठत नाही, मी तर नाहीच.

वहीत तीनच ओळी: तारीख आणि खोलीचं तापमान, दुप्पट व्हायला लागलेला वेळ, एक बिघडलेली गोष्ट. आलेख त्याच पानावर चिकटवायचा. अशी वही ठेवली की वर्षाअखेरी काय शिकवलं हे आठवावं लागत नाही. पुढे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसवायचं असेल (वय १४ पूर्ण लागतं) तर गृहविज्ञान हा विषय तिथे आहे, आणि त्याच्या प्रात्यक्षिकाला हात सरावलेले असतात. पण ही वही म्हणजे परीक्षेची तयारी नव्हे, या घोळात राहू नका. दहावीची पुस्तकं वेगळी बसूनच करावी लागतात.

## पाव बसला तर

बसणारच, निदान पहिल्या तीनपैकी एकदा. तेव्हा मुलांसमोर फेकून देऊ नका.

पीठच फुगलं नसेल तर लहान गोळे करून पातळ लाटा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून लसणाचं बटर लावा. भाजलेला पाव घट्ट झाला असेल तर बोटभर जाड काप करून १३० अंशावर तासभर वाळवा, चहाबरोबर टोस्ट होतात. काहीच जमलं नाही तर ज्वारीची भाकरी आहे. आमच्या सासूबाई नगरच्या. पहिली लादी बसली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "प्रार्थनेत रोजची भाकर मागता आणि करता पाव, मग कसं व्हायचं?" आणि वीस मिनिटांत सहा भाकरी थापून मोकळ्या झाल्या. शाळेत न घालता मुलांना पाव काय शिकवताय, हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. त्या दिवशी मात्र थोरला त्यांच्याकडून भाकरी थापायला शिकला आणि वहीत त्याने तेच लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट बदला: पाणी किंवा यीस्ट किंवा वेळ. तिन्ही एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारला ते कळणार नाही. पुण्य-आठवड्याच्या (ईस्टरच्या आधीच्या आठवड्याच्या) गुरुवारी मुलांना बेखमीर, म्हणजे न फुगवलेली, भाकर करून बघायची असेल तर यीस्ट न घातलेल्या ग्लासातलंच पीठ जरा जास्त करून लाटा. त्या दिवशी ओव्हन लागत नाही, तवा पुरतो, आणि लाइट गेली तरी चालतं.